सहासष्ट : कान्हाच्या बारशिंग्यांची मोजणी आणि तिचा इतिहास

१/२६
१९७० साली मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानात बारशिंग्यांची मोजणी झाली आणि आकडा आला ६६. त्याच भागात १९३८ मध्ये सुमारे तीन हजार बारशिंगे असल्याची नोंद होती. मध्य भारतातील या उपजातीचे अखेरचे खात्रीचे आश्रयस्थान कान्हा हेच होते. येथून ती गेली असती, तर जगातूनच गेली असती. ती वाचली, आणि वाचण्यामागे बंदुकीइतकाच दुर्बीण आणि नोंदवहीचा वाटा होता. जंगलातील तृणभक्षी प्राणी मोजण्याच्या शास्त्राचा हा इतिहास एका हरणाच्या निमित्ताने.

२/२६
प्रथम या प्राण्याची ओळख. प्रौढ नराच्या शिंगांना बहुधा बारा किंवा त्याहून अधिक टोके असतात, म्हणून नाव बारशिंगा. भारतात याच्या तीन उपजाती आहेत. उत्तरेच्या तराईतील आणि आसामच्या काझीरंगातील बारशिंगे दलदलीत राहतात. मऊ जमिनीत पाय रुतू नयेत अशा फाकणाऱ्या खुरांची त्यांना देणगी आहे. तिसरी उपजात कान्हाची. साल वृक्षांच्या वनातील कठीण भूमीवर वावरणारी, आवळ खुरांची. महाराष्ट्राच्या रानात बारशिंगा आज आढळत नाही.

३/२६
हा प्राणी जितका देखणा तितकाच नाजूक. चितळ गवत खातो, पाने खातो, पडलेली फळेफुलेही खातो. बारशिंगा मात्र जवळजवळ केवळ गवतावर जगतो. मादीला वर्षाला एकच पाडस होते. पावसाळ्याच्या अखेरीस जन्मलेले ते पाडस पहिले काही दिवस उंच गवतात दडून राहते. म्हणजे गवत हेच अन्न आणि गवत हाच पाळणा. गवत गेले की दोन्ही एकदम जातात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा तिढा येथेच आहे.

४/२६
कान्हा मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांच्या सीमेवर, मैकल डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. बंजर आणि हालोन या नद्यांची खोरी, सालाची दाट वने आणि मध्ये पसरलेली कुरणे असा हा प्रदेश. बैगा आणि गोंड हे येथील मूळ रहिवासी. ब्रिटिश काळात हा भाग मध्य प्रांतात होता आणि मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. त्यामुळे कान्हाच्या वनांविषयीचे निर्णय दीर्घकाळ नागपुरात होत असत.

५/२६
या प्रदेशातील वन्यजीवांचे जुने वर्णन शिकारी आणि वनाधिकाऱ्यांच्या लेखणीतून येते. कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरचे महत्त्वाचे नाव वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे. त्यांचे मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील पुस्तक १९२३ चे. १९०० च्या सुमारास कान्हाच्या मैदानांवर संध्याकाळच्या एका फेरफटक्यात अकरा जातींचे मिळून दीडहजार प्राणी दिसल्याचे ते नमूद करतात. कान्हाच्या बारशिंग्याच्या उपजातीला १९४३ मध्ये दिलेले शास्त्रीय नाव, ब्रँडेरी, हे त्यांच्याच नावावरून आहे.

६/२६
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचारावे : दीडहजार हा आकडा कोणत्या जातीचा पुरावा आहे? ती गणना नव्हे. एका जाणत्या माणसाने एका दिवशी एका जागी पाहिलेले ते दृश्य आहे. कळप उघड्या मैदानावर एकवटले असतील, दुसऱ्या दिवशी तेथे पन्नासही दिसले नसते. तथापि ते निरुपयोगी नाही. एका संध्याकाळी एवढे प्राणी दिसू शकत होते, हे त्यातून निश्चित कळते. पुढील पिढीला असे दृश्य दिसेनासे झाले, तर काहीतरी बिघडले हेही कळते.

७/२६
१८७९ मध्ये येथील वने राखीव झाली. १९३३ मध्ये बंजर खोऱ्यातील सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झाले. १९३५ मध्ये हालोन खोऱ्यातील सुपखारचे सुमारे तीनशे चौरस किलोमीटर क्षेत्रही जाहीर झाले. पण काही वर्षांतच सुपखारचे संरक्षण काढून घेण्यात आले आणि तेथे मोठ्या प्रमाणावर हरणे मारण्यात आली. कारण काय, तर हरणे सालाची कोवळी रोपे खातात! साल म्हणजे रेल्वेचे स्लीपर, म्हणजेच सरकारी उत्पन्न. ‘हरणे फार झाली’ हा निवाडा लाकडाच्या हिशेबाने झाला होता.

८/२६
१९३८ चा तीन हजारांचा आकडा याच काळातला. त्या काळी जंगलात प्राणी मोजण्याचे मार्ग मोजकेच होते. हाका घालून प्राणी एका बाजूने बाहेर काढायचे आणि मोजायचे, उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसून मोजायचे, किंवा बीटरक्षकांच्या अंदाजांची बेरीज करायची. एकच कळप दोन बीटांत दोनदा मोजला गेला तरी कळायचा मार्ग नव्हता आणि दाट झाडीत उभा प्राणी नजरेतून सुटला तरी त्याचा हिशेब नव्हता. तेव्हा ‘तीन हजार’ याचा अर्थ ‘पुष्कळ, हजारोंच्या घरात’ असा घ्यावा. तीन हजारांतला शेवटचा शंभर खरा होता असे मानू नये.

९/२६
मोजणीच न झाल्यास काय होते, याचे उदाहरण याच मध्य भारतात आहे. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात अखेरचे तीन चित्ते मारले गेले असे मानले जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तो कधी, किती वेगाने आणि कोठे कमी होत गेला, याची सलग आकडेवारी नाही. धोक्याची घंटा वाजवण्याजोगा आकडाच हाती नव्हता. त्याच सुमारास, १९४७ ते १९५१ या काळात, विजयनगरमच्या राजघराण्यातील एका शिकाऱ्याने विशेष परवान्यावर कान्हा परिसरात तीस वाघ मारले. त्यावरून उठलेल्या संतापाने कान्हाच्या कडक संरक्षणाची मागणी बळावली.

१०/२६
१९५५ मध्ये खास कायदा होऊन कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यात विदर्भाचाही समावेश होता आणि राजधानी नागपूरच होती. पुढच्याच वर्षी राज्य पुनर्रचना झाली आणि कान्हा व नागपूर यांची राज्ये वेगळी झाली. शिकार थांबली, कायदा आला, पहारा आला. आता बारशिंगे वाढायला हवे होते, पण ते कमीच होत राहिले. १९५० च्या दशकात काही शेकडे असलेली संख्या पुढच्या दशकात शंभराखाली उतरली.

११/२६
हे कोडे घेऊनच कान्हातील आधुनिक संशोधनाचा प्रारंभ झाला. १९६३ च्या अखेरीस जॉर्ज शॅलर हे तरुण अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ कुटुंबासह कान्हात येऊन राहिले. १९६५ पर्यंत त्यांनी वाघ आणि त्याचे भक्ष्य असलेले चितळ, सांबर, बारशिंगे, गवे, काळवीट यांचा एकत्रित अभ्यास केला. १९६७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात हरीण आधी आणि वाघ नंतर आहे. वाघ कळावयाचा असेल तर आधी हरीण कळले पाहिजे, हीच त्यांची दृष्टी होती.

१२/२६
शॅलर यांच्या मोजणीत दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली, पुनरावृत्ती. तेच कळप त्याच कुरणात सकाळ-संध्याकाळ, महिनोन् महिने मोजले गेले. दुसरी, वर्गवारी. केवळ ‘इतके बारशिंगे’ असे न लिहिता प्रौढ नर किती, माद्या किती, वर्षाची पिले किती, यंदाची पाडसे किती, हे वेगवेगळे नोंदले गेले. वाघाची विष्ठा तपासून त्यातील केसांवरून त्याने काय खाल्ले तेही पाहिले गेले. एकूण संख्या कळपाची आजची स्थिती सांगते. मादीमागे पाडसे किती, हे प्रमाण कळपाचे उद्याचे भवितव्य सांगते.

१३/२६
ते प्रमाण चिंताजनक होते. माद्या होत्या, पण त्यांच्यामागे पाडसे फार थोडी. म्हणजे जितके मरत होते तितके जन्मून वाढत नव्हते. कारण कोणते? शॅलर यांना इतर कारणांबरोबरच ब्रुसेलोसिस या रोगाचा संशय आला. या रोगाने गुरांमध्ये गर्भपात होतात आणि कान्हाच्या कुरणांत गावांची गुरे बारशिंग्यांसोबतच चरत होती. शिवाय चोरटी शिकार होती आणि वाघही होता. संशयित अनेक होते. गुन्हेगार अजून सापडला नव्हता.

१४/२६
आणि मग १९७० ची मोजणी, ६६. एवढ्या लहान कळपात एक वाईट पावसाळा, एखादी साथ किंवा एक वणवा पुरेसा असतो. १९७१ ते १९७३ या काळात क्लॉड मार्टिन हे स्विस संशोधक कान्हात राहून केवळ बारशिंग्याचा अभ्यास करू लागले. हेच मार्टिन पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल या संस्थेचे महासंचालक झाले. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : पाडसे जन्मतच नाहीत, की जन्मून नाहीशी होतात?

१५/२६
मार्टिन यांनी बोट ठेवले ते गवतावर. त्यांच्या निष्कर्षानुसार मूळ दोष मादीच्या प्रजननशक्तीत नव्हता, अधिवासात होता. पाडस लपवण्याजोगे उंच गवतच कुरणांतून नाहीसे झाले होते. जेथे असे गवत आणि शांतता मिळे, तेथे पाडसे टिकत. आखूड चरलेल्या कुरणात जन्मलेले पाडस कोल्ह्यालाही उघड दिसते, मग बिबट्या-वाघाची काय कथा! बंदी शिकारीवर होती. पाळणा मात्र दरवर्षी मोडला जात होता.

१६/२६
पाळणा मोडणारे हात दोन होते, आग आणि गुरे. नवे कोवळे गवत फुटावे म्हणून हिवाळ्या-उन्हाळ्यात कुरणे जाळण्याची रीत जुनी होती आणि ती केवळ गावकऱ्यांची नव्हती. आगीने काही तृणभक्षींना ताजा चारा मिळतो. चितळाला असे आखूड गवत चालते, किंबहुना आवडते. बारशिंग्याला नाही. म्हणजे एकाच कुरणात, एकाच वर्षी, चितळ वाढत असताना बारशिंगा बुडत होता. सर्व हरणांची एकत्र बेरीज केली असती तर ‘तृणभक्षींची संख्या समाधानकारक’ असेच दिसले असते. जातवार मोजणी का लागते, याचे हे उत्तर.

१७/२६
उपाय दोन दिशांनी झाले. पहिला तातडीचा. कान्हाच्या कुरणातच काही हेक्टर जागेला हिंस्र प्राणी शिरणार नाहीत असे कुंपण घालून थोडे बारशिंगे आत ठेवण्यात आले. आत गवत वाढू दिले, पाडसे सुरक्षित वाढली आणि पुढे प्राणी बाहेरच्या कळपांत सोडण्यात आले. दुसरा उपाय दीर्घ पल्ल्याचा. कुरणे जाळण्यावर नियंत्रण, गुरांच्या चराईवर बंदी, पाणथळ जागांची निगा, आणि उद्यानाचे क्षेत्र वाढवणे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाबरोबर कान्हाही होते. १९७६ पर्यंत राष्ट्रीय उद्यान ९४० चौरस किलोमीटरचे झाले.

१८/२६
या काळातील दोन नावे महत्त्वाची. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडल्याचे जिल्हाधिकारी असलेले एम. के. रणजितसिंह यांच्या पुढाकाराने सोंफ गावाचे स्थलांतर झाले आणि तेथील जमीन बारशिंग्यांना मोकळी झाली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. काझीरंगाच्या बारशिंग्याच्या उपजातीला त्यांचेच नाव आहे. दुसरे नाव एच. एस. पनवार यांचे. १९७० च्या दशकात कान्हाचे संचालक म्हणून त्यांनी कुरणांचे शास्त्रशुद्ध व्यवस्थापन उभे केले. पुढे ते भारतीय वन्यजीव संस्थेचे संचालक झाले.

१९/२६
या यशाची किंमत लपवू नये. कान्हाच्या गाभा क्षेत्रातून सुमारे दोन डझन गावे हलवण्यात आली. ती प्रामुख्याने बैगा आणि गोंड कुटुंबांची होती. आज पर्यटक सोंफ, बिशनपुरा, रौंदा या कुरणांत बारशिंगे पाहतात, ती नावे मुळात गावांची आहेत. जेथे घरे आणि शेते होती, तेथे गवत उगवले आणि त्या गवतात पाडसे वाढली. बारशिंगा वाचला हे जितके खरे, तितकेच त्याचा पाळणा कोणाच्या अंगणात मांडला गेला हेही खरे. प्राण्यांची मोजणी दरवर्षी होत राहिली. हललेल्या माणसांच्या पुढील आयुष्याची नोंद तितक्या काटेकोरपणे झाली नाही.

२०/२६
वाढ सावकाश झाली. वर्षाला मादीमागे फार तर एक पाडस, त्यातील काही वाघ-बिबट्याला जाणार हे गृहीतच. ६६ वरून संख्या काही शेकड्यांवर गेली, मग दीर्घकाळ पाचशेच्या आत रेंगाळली. २०१६ च्या सुमारास ती साडेचारशेच्या आसपास होती. २०२० च्या सुमारास ती आठशेच्या घरात पोचली. पन्नास वर्षांचा हा आलेख पाहिला म्हणजे संरक्षणाचे काम किती संथ असते ते ध्यानात येते. एखाद्या अधिकाऱ्याच्या तीन वर्षांच्या नेमणुकीत त्यातला बदल डोळ्यांना दिसणेही कठीण.

२१/२६
बारशिंगे उघड्या कुरणात कळपाने राहतात, म्हणून ते एकेक करून मोजणे बऱ्याच अंशी शक्य होते. पण सांबर झाडीत राहतो, भेकर एकटे फिरते, चितळ हजारोंनी असतात. ते कसे मोजावेत? महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणारी पाणवठ्यावरची गणना सर्वांना ठाऊक आहे. चांदण्यात रात्रभर बसून पाण्यावर आलेला प्रत्येक प्राणी नोंदवायचा. हा उत्तम निसर्गानुभव आहे. पण एकच चितळ दोनदा येऊ शकतो, दुसरा मुळीच येत नाही, आणि अवकाळी पाऊस झाला की प्राणी डबक्यांवर पांगतात. त्या आकड्यातून जंगलातील एकूण संख्या निघत नाही.

२२/२६
यावर तोडगा निघाला तो एका साध्या कबुलीतून : सगळे प्राणी दिसत नाहीत. मग न दिसलेल्यांचाच अंदाज बांधायचा. जंगलात आधी सरळ रेषा आखून ठेवतात, तिला ट्रान्सेक्ट म्हणतात. पहाटे दोघे जण त्या रेषेवरून आवाज न करता चालतात. प्राणी दिसला की जात, संख्या, होकायंत्रावरील कोन आणि अंतरमापकाने मोजलेले अंतर लिहितात. रेषेलगतचा प्राणी बहुधा दिसतोच. जसजसे अंतर वाढते तसतसे दिसण्याचे प्रमाण घटते. ही घट कशी होते ते नोंदींवरूनच काढता येते.

२३/२६
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकूण ५० किलोमीटर चालणे झाले आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत १२० चितळ दिसले. पाहिलेली पट्टी झाली ५ चौरस किलोमीटरची. साधा भागाकार केला तर चौरस किलोमीटरला २४ चितळ. पण नोंदींवरून असे दिसले की रेषेजवळ पुष्कळ आणि कडेला फारच थोडे प्राणी टिपले गेले, आणि गणिताने सांगितले की पट्टीतील निम्मेच चितळ नजरेस पडले. म्हणजे खरी घनता चौरस किलोमीटरला ४८. दाट जंगल आणि विरळ जंगल यांची तुलना आता न्याय्य होते, कारण नजरेतून सुटलेल्यांचाही हिशेब झालेला असतो.

२४/२६
भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात के. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळेत ही पद्धत रुजवली. त्यातून एक ढोबळ हिशेब पुढे आला. एक वाघ वर्षाला सुमारे ५० मोठे तृणभक्षी मारतो. भक्ष्यसंख्येचा साधारण दहावा हिस्साच वर्षाला वाघाच्या वाट्याला जाऊ शकतो असे धरले, तर एका वाघामागे जंगलात ५०० तृणभक्षी हवेत. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि केवळ पाऊलखुणांवर विसंबलेली जुनी व्याघ्रगणना मोडीत निघाली. २००६ पासूनच्या देशव्यापी अंदाजात वाघांबरोबर त्यांच्या भक्ष्याचीही नोंद होऊ लागली. आज ट्रान्सेक्टवर चालणारे वनरक्षकच त्या हिशेबाचा पाया आहेत.

२५/२६
आणखी एक धडा कान्हातच मिळाला होता. १९७६ मध्ये बुळकांडी ही गुरांची साथ जंगलात शिरली आणि अनेक गवे दगावले. तीच साथ त्या वर्षी बारशिंग्यांत पसरली असती तर? सारी उपजात एकाच ठिकाणी असणे हाच मोठा धोका होता. म्हणून पुरेशी संख्या झाल्यावर २०१५ पासून कान्हाचे बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि २०२३ मध्ये बांधवगडमध्ये नेण्यात आले. पकडण्यासाठी आफ्रिकेतील ‘बोमा’ ही रीत वापरली जाते. नरसाळ्यासारख्या आडोशातून कळप हळूहळू वाहनापर्यंत येतो, भूल द्यावी लागत नाही. किती प्राणी नेले तर मूळ कळपाला धक्का बसणार नाही, हेही मोजणीवरूनच ठरते.

२६/२६
३०००, ६६, ८०० हे तीन आकडे एका ओळीत मांडले की सरळ कथा तयार होते. पण पहिला आकडा अंदाजाचा आहे, दुसरा एका लहान, पाहता येणाऱ्या कळपाचा आहे, तिसरा प्रशिक्षित पथकांचा आहे. तिन्हींची विश्वासार्हता सारखी नाही, आणि ऱ्हासाविषयी मात्र तिन्हींतून शंका उरत नाही. बारशिंग्याला ६६ या आकड्याने वाचवले नाही. पाडसे कोठे नाहीशी होतात हे शोधत जे लोक कुरणात दोन-दोन पावसाळे बसले, आणि उत्तर सापडल्यावर ज्यांनी गवत वाढू दिले, त्यांनी वाचवले. सप्टेंबरात कान्हाच्या कुरणांत पुन्हा उंच गवत असते. त्यात दडलेली पाडसे त्या वेळी कोणाला दिसत नाहीत. ती आईमागे उघड्यावर येऊ लागली की वनरक्षक त्यांची मोजणी करतात.